नशेच्या धोरणात बाई दिसते ती फक्त आई म्हणून?

निशिगंध

मंडळी, बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय. इंजेक्शनने नशा करणाऱ्यांसोबत काम करणाऱ्या एका संस्थेत मी आउटरीचचं, म्हणजे वस्तीत जाऊन माणसांना गाठायचं काम करते. स्वच्छ सुया-सिरिंजा द्यायच्या, वापरलेल्या परत घ्यायच्या, एचआयव्ही आणि हेपॅटायटिस सीच्या तपासणीला माणसांना घेऊन जायचं, ओव्हरडोस झालाच तर त्यावरचा उतारा, नॅलोक्सोन, द्यायचं. हार्म रिडक्शन म्हणतात ते हेच. नशा सोडण्याची अट न घालता आधी माणूस जगवायचा.

आमच्या ड्रॉप-इन सेंटरमध्ये (कुणीही येऊन टेकावं अशी जागा) बायका जवळजवळ येतच नाहीत. बैठकीत हे काढलं की उत्तर ठरलेलं: "बायका नशा करतच नाहीत, मग येतील कुठून?" पण फेरीवर गेलं की त्या भेटतात. जोडीदार दोघांपुरत्या सुया घेऊन जातो, ती घरात असते. सुई तोच टोचतो, आणि बहुतेक वेळा आधी स्वतःला, मग तिला.

संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ व गुन्हेविषयक कार्यालयाच्या २०१८ च्या जागतिक अहवालात असं आहे की जगभरात नशा करणाऱ्यांत साधारण तिघांत एक बाई असते, पण उपचार घेणाऱ्यांत पाचांत एकच. मधल्या बायका जातात कुठे?

माझं मत असं की धोरण लिहिणाऱ्याच्या डोळ्यापुढे नशा करणारा म्हणजे तरुण पुरुष असतो. बाई आठवते ती गरोदर असली किंवा तिच्या कडेवर मूल असलं तर. तेही मुलाला तिच्यापासून वाचवायचं म्हणून. ती स्वतः जगावी असं वाटून लिहिलेलं कलम मला अजून सापडलेलं नाही. तुमचे अनुभव आणि मतं वाचायला आवडतील. विरोधी असली तरी.

पाचोळा

महत्त्वाचा धागा. वाचनखूण साठवली आहे. सविस्तर नंतर लिहितो.

आकडेमोड

विरोधी मतही मागितलंत म्हणून लिहितो.

"तिघांत एक" या आकड्यात सगळेच पदार्थ आले. गांजा, झोपेच्या आणि वेदनाशामक गोळ्यांचा गैरवापर, सगळं. गोळ्यांच्या गैरवापरात बायकांचं प्रमाण बरंच जास्त असतं. फक्त इंजेक्शन घेणाऱ्यांचा २०१७ साली प्रसिद्ध झालेला जागतिक अंदाज बघा: सुमारे १ कोटी ५६ लाख माणसं, त्यात बायका सुमारे ३२ लाख. म्हणजे पाचांत एक. अनेक देशांत उपचारकेंद्रं मुख्यतः हेरॉइनसारख्या पदार्थांसाठीच असतात. मग तिथे पाचांत एक बाई दिसली तर त्यात आश्चर्य काय?

दुसरं, अमेरिकेत ओव्हरडोसने मरणाऱ्यांत साधारण ७० टक्के पुरुष असतात. पैसा मर्यादित आहे. मरणं जिथे जास्त तिथे तो आधी जावा असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

निशिगंध

@आकडेमोड, पहिला मुद्दा मान्य. तो एक आकडा सगळ्या पदार्थांवर सरसकट लावता येत नाही. पण मग प्रश्न उलटा होतो ना? गोळ्यांच्या आहारी जाणाऱ्यांत बायका एवढ्या असतील, तर उपचारकेंद्रं हेरॉइनपुरतीच का? कोणत्या व्यसनाला केंद्र मिळणार हेही कुणीतरी ठरवलेलंच असतं.

शिवाय हे अंदाज बांधताना उपचारकेंद्रांच्या, पोलिसांच्या, तुरुंगांच्या नोंदी मोठ्या प्रमाणावर वापरतात. जी बाई केंद्रात येत नाही आणि रस्त्यावर सापडत नाही, ती त्या नोंदीत येणार कशी? आणि नोंदीत नाही म्हणून तिच्यासाठी सोय नाही.

शब्दवेडी

आकडेमोड यांच्याशी वाद घालायचा तर कॅल्क्युलेटर शेजारी घेऊनच बसावं लागतं :) पण खरंच, दोघांचेही प्रतिसाद आवडले. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

औषधवाला

मी औषधनिर्माण क्षेत्रातला, म्हणून थोडा इतिहास.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत अफू-मॉर्फिनच्या आहारी गेलेल्यांत बायकाच जास्त होत्या. मासिक पाळीच्या वेदना, डोकेदुखी, झोप न येणं, "नसांचा त्रास" या सगळ्यावर डॉक्टर मॉर्फिन किंवा लॉडॅनम, म्हणजे अफूचा अर्क, लिहून देत. त्या काळी त्यांना रुग्ण समजत, त्यांच्यामागे पोलिस लागत नसत. पुढे डॉक्टर सावध झाले, जुन्या रुग्ण बायका वारल्या, आणि नशा करणारा म्हणजे शहरातला तरुण पुरुष हे चित्र पुढे आलं. अफू-कोकेनवर निर्बंध आणणारा १९१४ चा हॅरिसन कायदा आणि त्यानंतरची कडक अंमलबजावणी याच बदलाच्या काळातली. कायदा कडक होण्यामागे इतरही कारणं होती, वंशद्वेष हे त्यातलं मोठं. पण आपल्यासमोर कोण उभं आहे असं समाजाला वाटतं, त्यावर दवाखाना की कोठडी हे ठरत आलंय.

दुसरा अंक १९६३ नंतरचा, डायझेपाम या चिंता शमवणाऱ्या गोळीचा. जाहिरातींत थकलेली, चिंतातुर गृहिणी. अनेक वर्षं ते अमेरिकेतलं सर्वाधिक लिहून दिलं जाणारं औषध होतं आणि बायकांना ते पुरुषांच्या साधारण दुप्पट दिलं जाई. त्या बायकांना कुणी "नशेबाज" म्हटलं नाही, आणि त्यामुळेच कुणी सोडवायलाही आलं नाही.

अवांतर: झोपेचं औषध झोल्पिडेम बायकांच्या शरीरातून सावकाश बाहेर पडतं, म्हणून २०१३ साली अमेरिकी औषध प्रशासनाने बायकांसाठी शिफारशीचा डोस १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणला. औषध बाजारात येऊन तोवर दोन दशकं होत आली होती.

साधासरळ

सगळे विद्वान दिसताहेत, मी साधी शंका विचारतो. सुया फुकट वाटायच्या म्हणजे नशेला उत्तेजनच नाही का? बाई असो वा पुरुष. तोच पैसा शाळांमधल्या प्रतिबंधावर का घालू नये? आणि आईची बाजू घेता घेता त्या मुलाचं काय, ज्याची आई त्याच्यासमोर नशेत पडलेली असते?

नाडीपरीक्षक

@साधासरळ, दोन्ही प्रश्न रास्त आहेत. मी व्यसनोपचारात काम करणारा डॉक्टर आहे.

सुयांबद्दल: जागतिक आरोग्य संघटनेने २००४ साली तोवरचा पुरावा एकत्र तपासला. सुया-सिरिंजा दिल्याने एचआयव्हीचा प्रसार कमी होतो आणि नशेचं प्रमाण वाढल्याचं दिसत नाही, असा निष्कर्ष निघाला. सुई मिळाली नाही म्हणून कुणी नशा सोडत नाही, तो दुसऱ्याची सुई घेतो. शाळेतलं काम जरूर करावं, पण आज जो टोचतोय त्याला त्याचा उपयोग नाही.

मुलाबद्दल: १९८५ साली कोकेन घेणाऱ्या फक्त २३ गरोदर बायकांवरचा एक प्राथमिक शोधनिबंध अमेरिकेत आला. त्यावरून माध्यमांनी "क्रॅक बेबी"ची (क्रॅक म्हणजे कोकेनचाच एक प्रकार) लाट उठवली. एक अख्खी पिढी मेंदूने अधू निपजणार म्हणाले. फिलाडेल्फियात डॉ. हॅलम हर्ट यांच्या गटाने १९८९ पासून गरीब घरांतल्या अशा बाळांचा पाठपुरावा केला, पार ती तरुण होईपर्यंत. सोबत कोकेनचा संबंध न आलेली, तितक्याच गरीब घरांतली मुलं होती. दोन्ही गटांत म्हणावा तसा फरक निघाला नाही. मागे दोन्ही पडत होती, आणि त्याचं मुख्य कारण गरिबी दिसलं. कोकेन निरुपद्रवी आहे असा याचा अर्थ नाही. पण तोवर त्या भीतीवर कायदे उभे राहिले होते आणि बायका तुरुंगात गेल्या होत्या.

वकिलीणबाई

नाडीपरीक्षक यांनी वाट करून दिली म्हणून पुढे लिहिते.

त्याच १९८९ साली साऊथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टन इथल्या एका सार्वजनिक रुग्णालयात गरोदर बायकांची लघवी त्यांच्या नकळत कोकेनसाठी तपासून निष्कर्ष पोलिसांकडे पाठवायला सुरुवात झाली. काही बायकांना बाळंतपणानंतर लगेच बेड्या पडल्या. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली हे घटनाबाह्य ठरवलं (फर्ग्युसन खटला). तरी २०१४ साली टेनेसी राज्याने गरोदरपणी नार्कोटिक घेतल्याने बाळाला इजा झाली तर आईवर हल्ल्याचा गुन्हा लावायची सोय कायद्यात केली. बायका तपासण्या टाळू लागल्या, बाळंतपणाला दुसऱ्या राज्यात जाऊ लागल्या असं तिथे काम करणाऱ्यांनी सांगितलं. २०१६ मध्ये मुदत संपली तेव्हा विधिमंडळाने तो कायदा पुढे चालवला नाही.

रशियात तर कौटुंबिक संहितेच्या कलम ६९ मध्ये अमली पदार्थांचं जुनाट व्यसन हेच पालकत्व काढून घ्यायचं एक कारण म्हणून लिहिलेलं आहे. कागदावर ते आई-बाप दोघांनाही लागू. पण मूल जिच्याजवळ असतं, पहिला घाव तिच्यावर. तिथे मेथाडोनवर (हेरॉइनच्या जागी देखरेखीखाली दिलं जाणारं औषध) बंदी आहे, म्हणजे उपचाराची ती वाटही नाही.

तुरुंगांचं चित्र बघा. त्याच २०१८ च्या अहवालानुसार जगातल्या कैदी बायकांपैकी सुमारे ३५ टक्के अमली पदार्थांच्या गुन्ह्यांसाठी आत आहेत, पुरुषांत हे प्रमाण १९ टक्के. यातल्या बऱ्याच साखळीच्या तळाशी असतात. सामान पोचवणाऱ्या, घरात ठेवून घेणाऱ्या, तुरुंगातल्या नवऱ्याला किंवा मुलाला पुडी नेऊन देणाऱ्या. वरच्यांची नावं सांगून शिक्षा कमी करून घ्यावी, तर त्यांना नावंच माहीत नसतात.

वेगळं करता येतं हे कोस्टारिकाने दाखवलं. तुरुंगात अमली पदार्थ नेण्याला तिथे ८ ते २० वर्षं शिक्षा होती. २०१३ च्या दुरुस्तीने गरीब, एकटीने घर चालवणाऱ्या, लहान मुलं किंवा म्हातारी माणसं पदरी असलेल्या बायकांसाठी ती ३ ते ८ वर्षांवर आणली आणि तुरुंगाऐवजी इतर पर्यायही ठेवले.

तिसरा_डोळा

@वकिलीणबाई, कोस्टारिकाचं उदाहरण मला खटकतं. तोच गुन्हा, तीच गरिबी, तीच पदरी मुलं, पण करणारा बाप असेल तर २० वर्षं? कायद्याने परिस्थिती बघावी, लिंग कशाला? उद्या टोळ्या मुद्दाम बायकांनाच पुढे करतील.

वकिलीणबाई

शिक्षा २० वर्षं होती तेव्हाही टोळ्या बायकांनाच पुढे करत होत्या. पण तुमच्या पहिल्या मुद्द्याशी मी बरीचशी सहमत आहे. इक्वेडोरने २००८ साली माफी दिली तेव्हा लिंगाची अट नव्हती. दोन किलोपेक्षा कमी माल, पहिलाच गुन्हा, शिक्षेचा दहावा भाग भोगलेला. दोन हजारांहून जास्त माणसं सुटली, बायका आणि पुरुष दोन्ही. मला तोच मार्ग जास्त पटतो. मात्र निकष लिहिताना "सांभाळ करणारी व्यक्ती" हे शब्द हवेतच. नाहीतर शिक्षा एकीला होते आणि ती भोगायला तिची पोरंही लागतात.

मृगजळ

बरेच दिवस फक्त वाचत होते. आज लिहिते.

मी हेरॉइन घेत होते. आता मेथाडोनवर आहे, स्थिर आहे, नोकरी करते. दिवस राहिले तेव्हा मी मेथाडोनवरच होते. पहिल्या तपासणीलाच तिथल्या एका बाईंनी सगळ्या रांगेसमोर विचारलं, "पोटातल्या जिवाची तरी लाज नाही वाटली?" मेथाडोन लगेच बंद करा म्हणाल्या. मी घाबरून केलं. त्यानंतर काय झालं ते सगळं लिहीत नाही. मी पुन्हा हेरॉइनकडे गेले, कारण अंग सहन करत नव्हतं. मग तपासणीला जायचंच सोडलं, कारण मूल काढून घेतील ही भीती. कुणाला सांगायची सोय नव्हती. नवऱ्याला कुणी कधीच विचारलं नाही की तू काय घेतोस. तो दारात उभा असायचा.

एका आउटरीचवाल्या ताईंनी मला परत उपचारावर आणलं. त्यांनी एकही प्रश्न न विचारता आधी बसायला खुर्ची दिली.

साधासरळ, मुलाचं काय हे तुम्ही विचारलंत. त्याचा विचार माझ्याइतका कुणीच करत नव्हतं. म्हणूनच मी लपले.

नाडीपरीक्षक

मृगजळ, लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. आणि इतर वाचकांसाठी हे ठळकपणे सांगणं माझं काम आहे:

गरोदरपणात मेथाडोन किंवा त्याच कामाचं बुप्रेनॉर्फिन हे औषध अचानक बंद करू नये. जागतिक आरोग्य संघटनेची २०१४ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत: अफूजन्य पदार्थांवर अवलंबून असलेल्या गरोदर बाईला एकदम सोडायला लावण्यापेक्षा हे उपचार चालू ठेवावेत. एकदम बंद केलं तर पुन्हा नशेकडे वळण्याचा, आणि त्यातून ओव्हरडोसचा धोका मोठा. शेवटच्या महिन्यांत शरीर मेथाडोन लवकर वापरून टाकतं, त्यामुळे डोस कित्येकदा वाढवावा लागतो. हे "व्यसन वाढलं" म्हणून नव्हे.

बाळाला जन्मानंतर विथड्रॉवलचा, म्हणजे औषध तुटल्याचा त्रास होऊ शकतो, पण तो ओळखता येतो आणि बरा करता येतो. २०२३ साली अमेरिकेतल्या २६ रुग्णालयांतला अभ्यास आला. बाळ दूध पितंय का, झोपतंय का, जवळ घेतल्यावर शांत होतंय का, एवढंच बघून आणि आईला काळजीत सामील करून घेऊन उपचार केले, तर बाळ सरासरी ८.२ दिवसांत घरी जाण्याजोगं झालं. नेहमीच्या पद्धतीत १४.९ दिवस लागत होते. यात आईला जवळ ठेवणं हा उपचाराचाच भाग आहे.

शब्दवेडी

मृगजळ, _/\_

समुद्रपक्षी

नियम कसे नकळत बायकांना बाहेर ठेवतात याचं एक ठोस उदाहरण.

कॅनडात व्हँकुव्हरला २००३ साली इनसाइट नावाचं केंद्र सुरू झालं. तिथे नर्सच्या देखरेखीखाली स्वतःजवळचा पदार्थ टोचून घेता येतो, ओव्हरडोस झाला तर लगेच मदत मिळते. पण सुरुवातीला नियम असा होता की प्रत्येकाने स्वतःच टोचायचं, दुसऱ्याने मदत करायची नाही. वाचायला अगदी निःपक्षपाती. मात्र बऱ्याच बायकांना दुसराच कुणी टोचत आलेला असतो (निशिगंध यांनी वर लिहिलंच आहे), त्यांना स्वतःला जमत नाही. म्हणजे ज्यांना धोका जास्त, त्यांनाच दार बंद. त्यात प्रतीक्षागृहात बहुतेक पुरुष. ज्याच्यापासून पळायचं तो शेजारच्या खुर्चीवर असू शकतो. शेवटी २०१७ साली त्याच भागात सिस्टरस्पेस हे फक्त बायकांसाठीचं केंद्र उघडलं, तिथे ट्रान्स स्त्रियाही येतात. बार्सिलोनात त्याच वर्षी मेट्झिनेरेस सुरू झालं, बायका आणि लिंगभावाच्या चौकटीत न बसणाऱ्या सगळ्यांसाठी.

पाचोळा

नंतर लिहितो म्हणालो होतो, ते लिहितो. आकडेमोड यांचा ७० टक्क्यांचा मुद्दा चर्चेत मागे पडला. तो पडू नये.

माझा भाऊ त्या ७० टक्क्यांतला. एकटा, खोलीला आतून कडी लावून. तो मदत मागणाऱ्यांतला नव्हता. लहानपणापासून त्याला एवढंच शिकवलं होतं की रडायचं नाही आणि कुणाला सांगायचं नाही. दोनदा पकडला गेला, एकदा मारहाण झाली. त्या सगळ्या काळात कुणी त्याला "तुला काय होतंय" असं विचारलं नाही. मीही त्यात आलो.

लिंगभाव म्हटलं की चर्चा बायकांवर जाते, आणि ती जायलाच हवी. पण पुरुष धोकादायक, तो काठीनेच सुधारतो, हीसुद्धा लिंगभावाचीच समजूत आहे ना? बाईला धोरण आई म्हणून बघतं, पुरुषाला गुन्हेगार म्हणून. एकटं असताना घेऊ नये हे सगळी पत्रकं सांगतात. पण पुरुष एकटेच का घेतात आणि दार ठोठावायला कोण जाणार, हे त्या पत्रकात नसतं.

आकडेमोड

पाचोळा, फार वाईट वाटलं. मी आकडा "पैसा कुठे जावा" यासाठी वापरला. तुमचा प्रतिसाद वाचून वाटतंय की पुरुषांसाठी म्हणून जो पैसा आज जातो, तो तरी त्यांच्या उपयोगी कुठे पडतोय? बहुतेक पकडण्यातच जातो.

टिपूर

समुद्रपक्षी यांनी ट्रान्स व्यक्तींचा उल्लेख केला म्हणून थोडं. मी ट्रान्स स्त्री आहे, मैत्रिणीला केंद्रात भरती करायला गेले होते. पुरुषांच्या वॉर्डात तिला ठेवणं धोक्याचं, बायकांचा वॉर्डच नाही. जिथे होता तिथे "नियमात बसत नाही" म्हणाले. हार्मोन्स बंद करा ही वर आणखी अट. ती परत निघून आली. फॉर्मवर दोनच चौकोन आहेत तोवर आमची मोजणीही होणार नाही.

साधासरळ

सगळं वाचलं. सुयांबद्दलची शंका मी मागे घेतो. मुलांबद्दल अजून पूर्ण समाधान नाही. काही वेळा मूल खरंच धोक्यात असतं, तेव्हा काय?

वकिलीणबाई

तेव्हा हस्तक्षेप हवाच. प्रश्न कसा करायचा हा आहे. लंडनमध्ये २००८ साली कौटुंबिक न्यायालयाचा एक वेगळा विभाग सुरू झाला. एकच न्यायाधीश दर पंधरवड्याला आईवडिलांना स्वतः भेटणार, सोबत व्यसनोपचार, घर, घरातली हिंसा या सगळ्यावर काम करणारा गट. ठरलेल्या मुदतीत सुधारणा झाली नाही तर मूल दुसरीकडे जातं, हे पहिल्याच दिवशी सांगतात. नेहमीच्या न्यायालयाच्या तुलनेत तिथे जास्त आया नशेबाहेर आल्या आणि जास्त मुलं घरी राहिली. महत्त्वाचं म्हणजे तिथे बापालाही बोलावतात.

निशिगंध

एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार, मृगजळ, पाचोळा आणि टिपूर यांचे विशेष.

पुढच्या आठवड्यात आमची वार्षिक नियोजनाची बैठक आहे. वाढीव पैसे मिळणार नाहीत हे आधीच सांगितलंय. खर्च न वाढवता काय मागू?

मृगजळ

आठवड्यातून एक दुपार फक्त बायकांसाठी ठेवा. त्या वेळी दारात पुरुष कर्मचारीही नको. मुलांना सोबत आणू द्या, एक सतरंजी आणि कुणीतरी लक्ष ठेवायला. पॅड ठेवा. आणि नोंदणीच्या कागदावर "पतीचे नाव" हा रकाना असेल तर आधी तो काढा. मी दोनदा त्या रकान्यापाशीच उठून गेले आहे.

समुद्रपक्षी

स्वतः सुरक्षितपणे कसं टोचायचं हे बायकांनीच बायकांना दाखवायचं. ऐकायला कठीण वाटतं, पण जो टोचून देतो त्याच्या हातातली सत्ता त्याने कमी होते.

पाचोळा

नॅलोक्सोन फक्त येणाऱ्याला देऊ नका, घरच्यांनाही द्या आणि वापरायला शिकवा. भाऊ, आई, खोलीतला मित्र.

नाडीपरीक्षक

जवळच्या प्रसूतिगृहातल्या एका तरी डॉक्टरशी बोलून ठेवा, म्हणजे गरोदर बाई आली तर तिला नाव घेऊन पाठवता येईल. नुसती चिठ्ठी देऊन ती जाणार नाही, सोबत जावं लागेल.

आकडेमोड

नोंदवहीचा नमुना मी करून देतो. पदार्थ, लिंगासाठी दोनापेक्षा जास्त पर्याय, सुया कुणासाठी नेल्या, पहिल्यांदा कोणी टोचलं. नावं नकोत, फक्त सांकेतिक क्रमांक. सहा महिन्यांनी तुमच्याकडे बैठकीत दाखवायला स्वतःचे आकडे असतील.

वकिलीणबाई

तो नमुना आधी मला दाखवा. "गरोदर आहे का", "मुलं किती" असे प्रश्न असतील तर ती माहिती कुणाला मागता येते आणि कुणाला नाही, हे त्या बाईला उत्तर देण्याआधी वाचून दाखवलं पाहिजे. तो मजकूर मी लिहून देते. आणि "पतीचे नाव" काढायला संस्थेच्या ठरावाची गरज लागणार नाही, निशिगंध. पुढचा फॉर्म छापाल तेव्हा तो रकानाच ठेवू नका.